रेकॉर्डिंगवाला व्हायचंय? आधी कान तयार करा

बारावी सायन्स झालेले पोरगे एक दिवस म्हणते, "आबा, मला रेकॉर्डिंग इंजिनिअर व्हायचंय." गणपतीत, लग्नसराईत साउंडवाल्याबरोबर हिंडून त्याला ही गोडी लागलेली असते. घरात मग दोन मते पडतात. एक म्हणतो, "हे काय पोटापाण्याचं काम हाय व्हय?" दुसरा म्हणतो, "रानाचा तुकडा काढू, पण पोराला स्टुडिओ टाकून देऊ." शेतकरी बंधूंनो, दोन्ही मते घाईची आहेत. हा रीतसर व्यवसाय आहे. पण त्याची सुरुवात मशीन घेण्यापासून नाही, कान तयार करण्यापासून होते.

गावातच पहिला धडा

गाणाऱ्याचा आणि वाद्यांचा आवाज माईकने स्वच्छ टिपायचा, मग सगळ्यांचा मेळ असा घालायचा की कोणी कोणाला झाकणार नाही, हे या माणसाचे काम. हे शिकायला गावचे भजनी मंडळ पुरेसे आहे. मोबाईल मध्ये ठेवा आणि एक अभंग रेकॉर्ड करा. टाळ जवळ असले तर बुवांचा शब्द ऐकू येणार नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून टाळकरी मागे बसवा, बुवांना पुढे घ्या, पुन्हा रेकॉर्ड करा आणि फरक ऐका. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. तिथेच चार गोधड्या टांगल्या की घुमणे कमी होते. स्पीकरमध्ये सारखा 'घुंऽऽ' येतो, तो बहुतेक वेळा आपल्या विजेच्या ५० सायकलचा असतो. अर्थिंग नाहीतर वायरीची जोडणी तपासून घ्यावी लागते. हे 'का' होते ते विचारणारा पोरगा पुढे जातो. म्हणून फिजिक्स सोडू देऊ नका.

कान हेच भांडवल

८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो, असे तज्ज्ञांचे प्रमाण आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास! डीजेच्या भिंतीपुढे रात्रभर उभे राहणारे पोरगे आपले भांडवल जाळत असते. असा गेलेला कान परत येत नाही. कानात बोळे घालायला लाजू नये.

शिकायचे कुठे?

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही ही सोय आहे. भर चित्रपटाच्या आवाजावर असला, तरी माईक आणि मिक्सिंगचे शास्त्र गाण्यालाही तेच. १९६० साली सुरू झालेली पुण्याची ही संस्था जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. त्या प्रभातची ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे विष्णुपंत दामले मूळचे पेणचे. पुढे १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटाचे फत्तेलाल यांच्यासह ते दिग्दर्शक झाले. याच संस्थेत शिकलेले रसूल पूकुट्टी केरळातल्या एका खेड्यातले. लहानपणी चिमणीच्या उजेडात अभ्यास केलेला. २००९ साली त्यांना आणखी दोघांसह ध्वनिमिश्रणाचे ऑस्कर मिळाले.

पैशाचे गणित

आता कडू गोष्ट. ऑस्कर एखाद्यालाच मिळते. बाकीच्यांची सुरुवात वायरी गुंडाळण्यात आणि चहा आणण्यात जाते. बांधीव पगार थोड्यांनाच. बहुतेकांचे काम मिळेल तसे, शेतीसारखेच बेभरवशाचे. संगणकावर घरीच रेकॉर्डिंग होऊ लागल्यापासून मोठ्या स्टुडिओंची गरजही घटली आहे. म्हणून जमीन विकून स्टुडिओ टाकू नका. खासगी क्लासची फी भरण्याआधी तिथे शिकून गेलेल्या दोन-तीन पोरांना गाठा आणि विचारा : हाताला काम मिळालं का? शिकताना मशीनवर स्वतः किती तास बसलास? पदवी मात्र पुरी होऊ द्या. नाटक, आकाशवाणी, दूरदर्शन, सभागृहे, कार्यक्रमांचे साउंड, अशा बाजूच्या वाटाही आहेत.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या अनेक बायांच्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या. तुमच्या गावातही ओव्या, भारुडे, गोंधळ म्हणणारी म्हातारी माणसे असतील. ती गेली की आवाज गेला. एखादा चांगला माईक घ्या, शाळेची खोली द्या आणि गावच्या अशा पोराला या कामाला लावा. त्या माणसांची परवानगी घ्या, नाव आणि तारीख लिहून ठेवा, प्रत दोन ठिकाणी जपा. गावाचा ठेवा राहील, आणि पोराच्या अंगात खरोखर कसब आहे की नुसती हौस, तेही एक रुपया कर्ज न काढता कळेल.