शिकाऱ्याची गाडी का उलटते?

पावसाळ्यात भाताच्या खाचरात उतरले की आपले पाय घोट्यापर्यंत रुततात. तेथे अडीचशे किलोग्रॅमची गाडी, वर तिचा चालक, अशी नेली तर काय होईल? 'गाडी रुतून बसेल' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. पण अशा मऊ जमिनीवरूनही सहज जाणारी गाडी आहे. तिला ए. टी. व्ही. म्हणतात, म्हणजे कोणत्याही भूमीवर चालणारे वाहन.

या गाडीचा खरा कस पाहायचा तर अमेरिकेतील अलास्का प्रांतात जायला हवे. तेथे सप्टेंबरच्या सुमारास मूस या प्राण्याच्या शिकारीचा हंगाम असतो. मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. सातशे किलोग्रॅमच्या नरापासून सव्वादोनशे किलोग्रॅमच्या आसपास मांस मिळते. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा तेथे कायद्याने गुन्हा आहे. रस्ता दूर, मध्ये दलदल आणि टेकड्या. मग ओझे आणायचे कसे? म्हणून पुष्कळ शिकारी ए. टी. व्ही. घेऊन जातात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. पण गाडीमागचे भौतिकशास्त्र आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.)

प्रथम ती रुतत का नाही ते पाहू. जमिनीत रुतणे हे नुसत्या वजनावर अवलंबून नसते, ते दाबावर अवलंबून असते. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारा भार. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅमभार असतो, तर ए. टी. व्ही.च्या रुंद, फुगीर टायरमध्ये तो जेमतेम ०.३५ असतो. असा मऊ टायर जमिनीवर चपटा होऊन पसरतो आणि जमिनीवरचा दाब त्याच्या आतल्या हवेच्या दाबाच्या जवळपास राहतो. आता तुमचाच दाब काढा. ६० किलोग्रॅमचा माणूस चालताना क्षणभर एका पायावर असतो. तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब येतो ०.४ किलोग्रॅमभार. म्हणजे चालकासह सव्वातीनशे किलोग्रॅमची गाडी चिखलाला चालत्या माणसाइतकीच दाबते!

पण निसर्गात फुकट काही मिळत नाही. दगडधोंड्यांवरून जाता यावे म्हणून गाडीचे पोट जमिनीपासून उंच ठेवावे लागते. झाडांमधून वाट काढता यावी म्हणून रुंदी कमी ठेवावी लागते. उंच आणि अरुंद वस्तू लवकर कलंडते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नियम सोपा आहे: गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा चाकांमधल्या जागेच्या आत पडतो तोवर गाडी उभी राहते, तो बाहेर गेला की ती उलटते.

हा नियम किती महागात पडतो ते इतिहासाने दाखवले. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत यू. एस. ९० ही गाडी आणली, तेव्हा तिला तीन चाके होती: पुढे एक, मागे दोन. तीन चाकांमधली जागा त्रिकोणी असते. गुरुत्वमध्य गाडीच्या मध्यावर असला, तर तेथून त्रिकोणाच्या कडेपर्यंतचे अंतर तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीच्या जेमतेम निम्मे भरते. वळणावर आणि उतारावर अशा गाड्या उलटून पुष्कळ अपघात झाले. अखेर १९८८ साली तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबवली. तोपर्यंत चारचाकी गाड्या बाजारात आल्याच होत्या.

मग चार चाके आल्यावर धोका संपला काय? नाही. तो परतीच्या वाटेवर दबा धरून बसतो. थोडे गणित करू. आकडे हिशेबाला सोपे असे घेऊ. गाडी आणि चालक मिळून ३३० किलोग्रॅम. त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि मागच्या आसाच्या ५५ सेंटिमीटर पुढे. ही गाडी सरळ चढ चढत असेल, तर ज्या कोनाला ती मागे उलटेल त्याचे टॅन गुणोत्तर ५५ भागिले ६०, म्हणजे ०.९२. कोन सुमारे ४२ अंश.

आता शिकाऱ्याने मागच्या कॅरिअरवर ६० किलोग्रॅम मांस बांधले. हे ओझे जमिनीपासून १०० सेंटिमीटर उंच आणि मागच्या आसाच्याही २० सेंटिमीटर मागे आहे. परिबलांचा हिशेब करून नवा गुरुत्वमध्य काढा. तो ६६ सेंटिमीटर उंच चढतो आणि मागच्या आसाच्या फक्त ४३.५ सेंटिमीटर पुढे राहतो. गुणोत्तर झाले ०.६६, आणि कोन सुमारे ३३ अंश. एकूण वजन पाचव्या हिश्श्याहूनही कमी वाढले, पण नऊ अंश हातचे गेले! हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. चढावर एकदम वेग वाढवला किंवा पुढचे चाक दगडावर चढले, तर त्याहून कमी चढावरही गाडी उलटू शकते. सकाळी ज्या चढाने काही त्रास दिला नाही, तोच चढ परतताना घात करतो, तो असा.

उपायही याच गणितात आहे. ओझे शक्य तितके खाली ठेवावे आणि पुढच्या-मागच्या कॅरिअरवर वाटून घ्यावे. कंपनीने लिहिलेली भाराची मर्यादा पाळावी. एका फेरीऐवजी तीन फेऱ्या कराव्यात. आणि चढाविषयी शंका आली, तर सरळ दुसरी वाट धरावी.

हे सारे फक्त अलास्कापुरते आहे असे समजू नका. उसाने ठासून भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेलेली तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. तेथेही मागच्या आसाभोवतीची परिबलेच काम करतात.

घरी एक प्रयोग करा. एका फळीवर खेळण्यातली गाडी ठेवा आणि ती घसरू नये म्हणून मागच्या चाकांना टेकवून पातळ पट्टी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि गाडी उलटते तो कोन कोनमापकाने मोजा. मग गाडीच्या मागच्या टोकावर मातीचा गोळा बसवून पुन्हा मोजा. शेवटी तोच गोळा पुढे, खालच्या बाजूस लावून पाहा. वजन तेच, गाडी तीच. कोन मात्र तिन्ही वेळा निराळा येईल. असे का, हे वर्गात मित्रांना फळ्यावर आकृती काढून समजावून द्या.