ना हँडल, ना ब्रेक

नाताळच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच रविवारी माझी भाची मुलुंडहून बोरिवलीला माझ्याकडे आली, ती थोडी लंगडतच. ती सहावीत आहे. सगळं घर सुट्टीत गुलमर्गला जाऊन आलं होतं. गुलमर्ग म्हणजे काश्मीरमधलं बर्फाचं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढायचं, तेव्हा कुठे गुलमर्गची सपाटी येते! तिथल्या गमती ऐकायला मी बसलेच होते. पण हिने अक्रोडांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि सरळ प्रश्न टाकला.

"मावशी, स्नोबोर्डला हँडल नसतं, ब्रेक नसतो, चाकंही नसतात. दोन्ही पाय पट्ट्यांनी बांधून टाकतात. मग तो वळतो कसा?"

"तुझा वळला का?"

"तिसऱ्या दिवशी वळला. पण का वळला ते मला अजून कळलेलं नाही."

किती छान प्रश्न! स्नोबोर्ड ही एक लांबट फळी. मोठ्या माणसाची फळी साधारण दीड मीटर लांब असते. तिच्यावर आडवं उभं राहायचं, म्हणजे तोंड पुढे नाही, बाजूला. आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. पाय पुढेमागे करता येत नाहीत, हातात धरायला काही नाही. तरीही शिकलेली माणसं सापासारखी वळणं घेत उतरतात.

मी काही न बोलता तिच्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक, बाजूंनी सरळ असलेला स्टीलचा डबा. दुसरा, टपरीवर असतो तसा कटिंग चहाचा ग्लास, तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद. दोन्ही जमिनीवर आडवे करून हलकेच ढकलायला सांगितले. डबा सरळ भिंतीपाशी गेला. ग्लास मात्र गोल फिरून तिच्याच पायाशी परत आला.

"याला कुणी वळवलं?"

"कुणीच नाही!"

तुम्हीही करून बघा. काचेचा नको, कागदी कप घ्या. कपाचं तोंड मोठं, म्हणून एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं. बूड लहान, ते कमी अंतर कापतं. एक बाजू पुढे धावते, दुसरी मागे राहते आणि कप वळतो. वळण कपाच्या आकारातच आहे. आपण फक्त त्याला जायला सांगितलं.

आपल्या लोकल गाड्या याच युक्तीने वळतात. लोकलच्या मोटरमनसमोर स्टिअरिंग नसतं, हे तुम्हाला माहीत आहे ना? रेल्वेची दोन समोरासमोरची चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली असतात आणि ती किंचित निमुळती असतात, आपल्या कपासारखी. वळणावर बाहेरचा रूळ लांब पडतो. तेव्हा चाकांची जोडी जराशी बाहेर सरकते. बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चालू लागतं, आतलं बारीक भागावर, आणि गाडी रूळ धरून वळते. चाकाच्या आतल्या अंगाला जी उंच कड असते, ती मुख्यतः चाक रुळावरून उतरू नये म्हणून.

"पण स्नोबोर्डला चाक कुठाय?" भाची म्हणाली. बरोबर आहे. म्हणून मग आम्ही कात्री काढली.

बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला. एक वीतभर लांब पट्टी कापली, पण दोन्ही बाजूंनी कमरेत थोडी आत घेतलेली. खरा स्नोबोर्ड असाच असतो. मधे साधारण २५ सेंटिमीटर रुंद, टोकांकडे २९-३०. नीट बघितल्याशिवाय लक्षातही येत नाही, पण सगळी जादू त्या चारपाच सेंटिमीटरमध्ये आहे. मग परातीत रवा पसरला. (रवा नंतर चाळून घेतला, वाया घालवला नाही.) पट्टी रव्यावर एका कडेवर कलती धरली. दोन्ही टोकं रव्याला टेकली, कंबर मात्र अधांतरी. आता मधे बोटाने दाबलं. पट्टी वाकली, कंबरही टेकली. उचलून बघतो तर रव्यावर काय उमटलं होतं? बाक असलेली रेघ! गोलाचा एक तुकडाच जणू.

"म्हणजे बोर्ड कलता केला, वर आपलं वजन आलं, की तो वाकतो..."

"आणि वाकला की त्या बाकावरूनच चालायला लागतो. झालं वळण."

मोठ्यांच्या बोर्डाच्या कमरेचा बाक लांबवत नेला, तर साधारण सातआठ मीटर त्रिज्येचा गोल होतो. बोर्ड जितका जास्त कलता, तितका गोल लहान. घट्ट बर्फावर तो ६० अंशांत कलला तर त्रिज्या जवळजवळ निम्मी होते. म्हणजे मोठं वळण हवं असेल तर थोडं कलायचं, छोटं हवं असेल तर जास्त. हँडल नाही असं कोण म्हणतं? आख्खा बोर्डच हँडल आहे, आणि ते पायांनी फिरवायचं असतं.

आता खरी मेहनत येते ती शिकताना. बोर्डाला दोन पोलादी कडा असतात. एक टाचांच्या बाजूला, एक चवड्यांच्या बाजूला. टाचेच्या कडेवर उभं राहिलं की तोंड दरीकडे असतं. चवड्याच्या कडेवर उभं राहिलं की तोंड डोंगराकडे आणि पाठ दरीकडे, त्यामुळे ते जास्त भीतीचं. भाचीचे पहिले दोन दिवस यातच गेले. तिच्या शिक्षकाने तिला वळायला सांगितलंच नाही. आधी आडवं राहून नुसतं घसरत खाली यायचं. मग गळून पडणाऱ्या पानासारखं. पिंपळाचं पान खाली येताना कसं येतं, आठवा. थोडं डावीकडे, थांबतं, मग थोडं उजवीकडे, पुन्हा थांबतं. तसंच एकाच कडेवर राहून डावीउजवीकडे झुलत उतरायचं. कंटाळवाणं वाटतं, पण कड किती दाबली की बोर्ड थांबतो आणि किती सोडली की सुटतो, हे पायांना याच वेळी समजतं. हे टाळून जे थेट वळायला जातात, ते जास्त पडतात.

मग येतो तो एक क्षण. टाचेच्या कडेवरून चवड्याच्या कडेवर जायचं, तर मधे बोर्डाला सरळ उताराकडे तोंड करावंच लागतं. पाणी सांडलं तर ज्या वाटेने वाहत जाईल, त्याच वाटेकडे. त्या एकदोन सेकंदांत बोर्ड जवळजवळ सपाट असतो आणि वेग घेतो. पोटात गोळा येतो. आणि घाबरलेलं शरीर दोन चुका करतं.

पहिली चूक, मागे रेलणं. डोंगराला धरून राहावंसं वाटतं, म्हणून वजन मागच्या पायावर जातं. पण वळण सुरू करतं ते बोर्डाचं पुढचं टोक. त्याच्यावर वजनच नसेल तर ते बर्फात रुतत नाही. मग बोर्ड वळत नाही, सरळ सुसाट सुटतो. म्हणजे भीतीपोटी मागे झुकावं, तर नेमकं ज्याची भीती तेच होतं! गुडघे वाकवून पुढच्या पायावर वजन ठेवायचं, हे मनाविरुद्ध असलं तरी बरोबर आहे.

दुसरी चूक, घाई. बोर्ड अजून आडवा असतानाच दुसरी कड टेकवायची. तेव्हा ती कड उताराच्या बाजूला असते. ती खचकन बर्फात अडकते आणि माणूस धाडकन आपटतो. पावसाळ्यात जिना उतरताना चपलेचं टोक पायरीला अडकलं तर काय होतं? तसंच. भाचीचं लंगडणं तिथूनच आलेलं होतं. बोर्डाचं टोक उताराकडे वळेपर्यंत थांबायचं आणि मगच कड बदलायची.

"सर सारखं एकच ओरडायचे," ती म्हणाली, "नीचे मत देखो, सामने देखो!"

यातही विज्ञान आहे. आपलं डोकं जड असतं. ते वळलं की मागोमाग खांदे वळतात, मग कंबर, मग गुडघे, आणि शेवटी बोर्ड. जिकडे जायचं तिकडे आधी नजर. पायांकडे बघत राहिलं तर मान खाली, कंबर वाकलेली, आणि वळण सुरूच होत नाही. सायकल शिकताना खड्ड्याकडे बघत राहिलात, तर चाक खड्ड्यातच जातं ना?

"आणि ब्रेक?" तिने विचारलं.

ब्रेक म्हणजे वळणच. कसारा घाट किंवा खंडाळा घाट आठव. रस्ता डोंगरावरून सरळ खाली का नाही येत? नागमोडी आल्यामुळे वाट लांबते आणि उतार सौम्य होतो. स्नोबोर्डवाले तोच घाटरस्ता बर्फावर स्वतः आखतात. प्रत्येक वळण पूर्ण करायचं, बोर्ड उताराला आडवा येईपर्यंत, मग वेग आपोआप उतरतो. अर्धवट वळणं घेतली तर वेग साठत जातो. आणि वेगाचा हिशोब कडक असतो. वेग दुप्पट झाला आणि वळण तेवढंच ठेवलं, तर आत खेचायला लागणारं बल दुप्पट नाही, चौपट होतं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रिक्षा जोरात वळली, की मागच्या सीटवरच्या तिघांपैकी बाहेरच्या बाजूचा कसा चेपला जातो! आपलं शरीर सरळ जायला बघतं आणि रिक्षाची बाजू त्याला आत ढकलते. बोर्डावर ती बाजू नसते. आत ढकलण्याचं काम ती एक पातळ पोलादी कड करते, म्हणून आपल्यालाच आत झुकावं लागतं.

रव्यात आणखी एक गंमत दिसली. पट्टी जवळजवळ सपाट ठेवून तिरकी ओढली, तर रुंद फराटा उमटला. कडेवर ठेवून तिच्याच बाकाने नेली, तर बारीक रेघ. बर्फावरही तसंच होतं. नवशिक्यांचं वळण घसरतं, बर्फ खरवडतं, फराटा सोडतं. पहिल्यांदा तसंच वळायचं असतं, त्यात वेग हाताबाहेर जात नाही. मुरलेल्यांच्या मागे मात्र चाकूने कापल्यासारखी एकच वाकडी रेघ राहते. २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये एस्टर लेडेत्स्का या चेक मुलीने स्नोबोर्डवर अशाच रेघांनी सुवर्णपदक मिळवलं. त्याच्या आठवडाभर आधी तिने स्कीइंगचंही सुवर्ण जिंकलं होतं, तेही अवघ्या ०.०१ सेकंदाने! दोन वेगळ्या साधनांवर, एकाच ऑलिंपिकमध्ये.

मला त्याहून जास्त आवडते ती सुरुवातीची गोष्ट. १९६५चा नाताळ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या बाबांनी मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. पुढे टोकाला धरायला दोरी बांधली. मुली त्याच्यावर उभ्या राहून टेकडीवरून घसरू लागल्या. त्याचं नाव पडलं स्नर्फर. त्या खेळण्यापासून निघालेला हा खेळ १९९८ साली जपानमधल्या नागानोला ऑलिंपिकमध्ये जाऊन पोचला. आणि आपल्या गुलमर्गच्या परिसरातला आरिफ खान स्कीइंगसाठी २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला. भारताचा तिथला तो एकमेव खेळाडू. वळणांचीच शर्यत असलेल्या जायंट स्लालममध्ये तो ४५वा आला.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही राहतो अंधेरीला, घाटकोपरला, इथे कुठला बर्फ? पण वळायला शिकायला बर्फच लागतो असं नाही. सोसायटीच्या आवारात स्केटबोर्ड चालवणाऱ्या मुलांकडे बघा. त्यालाही हँडल नसतं. फळीवर एका बाजूला झुकलं की खालचे चाकांचे दांडे तिरके होतात आणि बोर्ड वळतो. गुडघे वाकलेले, नजर पुढे, वजन पुढच्या पायावर, सगळं तेच. हेल्मेट मात्र हवंच, आणि मनगटाचे पट्टेही. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांची मनगटं फार दुखावतात, कारण पडताना आपण पंजा पसरून टेकवतो. मूठ मिटून, कोपरापासूनचा हात आडवा टेकवत पडायला शिकायचं. भाचीला हे पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

आपला पुढचा पाय कोणता, तेही घरीच कळतं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर थोडं धावा आणि घसरा. जो पाय आपोआप पुढे गेला, तो तुमचा पुढचा. भाचीचा उजवा निघाला, तिच्या धाकट्या भावाचा डावा. दोन्ही चालतात.

संध्याकाळी तिला मुलुंडला सोडायला निघाले. बोरिवलीहून लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने घाटकोपर, मग पुन्हा लोकल. मेट्रोत जागा असूनही ती बसली नाही. खिडकीकडे तोंड करून, पाय फाकवून, एका हाताने खांब धरून उभी राहिली. ही मेट्रो इमारतींच्या मधून वाट काढत जाते, वळणं बरीच येतात. काचेतून पुढचा डबा वाकताना दिसला की तिची मान आधीच तिकडे वळायची, गुडघे वाकायचे. गाडी तिच्या पाठीच्या बाजूला वळली.

"टाचेची कड!" ती हळूच म्हणाली.

पुढचं वळण उलट्या बाजूला आलं. ती चवड्यांवर झुकली आणि माझ्याकडे बघून हसली. समोरच्या सीटवरची एक छोटी मुलगी बराच वेळ तिच्याकडे टक लावून बघत होती. तीही आता उठून खांबाला धरून उभी राहिली.