रबर आणि सिलिका यांची सांगड घालणारे द्रव्य

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरून मोटार धावत असते, तेव्हा चार टायरांचे मिळून अवघे चार तळहातांएवढे भाग रस्त्याला टेकलेले असतात. वाहनातील माणसांची सुरक्षितता त्यांच्या पकडीवर अवलंबून असते. मात्र पकड वाढविली की टायर फिरण्यास जड जातो व इंधन अधिक खर्ची पडते, ही टायर उद्योगापुढील जुनी अडचण होती. ती बऱ्याच अंशी दूर करण्यास जे रसायन साहाय्यभूत ठरले, ते मिश्रणात अत्यल्प प्रमाणात असते. त्यास संयोजक द्रव्य म्हणतात.

भरणद्रव्ये कशासाठी?

१८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधून काढली. तथापि असे रबरही एकटे रस्त्यावर लवकर झिजते. म्हणून त्यात बारीक पूड मिसळतात. चुनखडी किंवा चिनी माती यांमुळे मुख्यतः खर्च कमी होतो. काजळीमुळे मात्र रबरास बळकटी येते. टायरचा काळा रंग तिचाच होय. काजळीइतकीच सूक्ष्म, पण पांढरी पूड म्हणजे सिलिका. वाळूतील मुख्य घटकही हाच.

सिलिकेची अडचण

सिलिकेच्या कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांचे गट असतात. त्यांना पाण्याचे आकर्षण असते, तर रबर तेलाच्या जातीचे. परिणामी सिलिकेचे कण रबरात नीट न पसरता एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात या गुठळ्यांतील बंध तुटतात व पुन्हा जुळतात. त्यात खर्च होणारी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

मध्यस्थाचे कार्य

तेलकट हात नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाहीत. साबण लावावा लागतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाशी व दुसरे पाण्याशी जुळते. सिलेन वर्गातील संयोजक द्रव्ये असेच कार्य करतात. फरक इतकाच की, त्यांनी जोडलेले बंध रासायनिक व पक्के असतात. टायरसाठी वापरल्या जाणाऱ्या सिलेनमध्ये सिलिकॉनयुक्त टोके व मध्ये गंधकाची साखळी असते. मिश्रण सुमारे १४० ते १५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की, ही टोके सिलिकेशी जोडली जातात व अल्कोहोल बाहेर पडते. पुढे साच्यात टायर भाजताना गंधकाची साखळी तुटून रबराशी बांधली जाते. तापमान कमी पडल्यास जोड अपुरा राहतो. फार वाढल्यास मिश्रण यंत्रातच घट्ट होऊ लागते. १०० किलो सिलिकेस साधारणतः ८ किलो सिलेन पुरते.

उपयोग आणि मर्यादा

१९४० च्या दशकात काचतंतू व प्लास्टिक यांच्या जोडासाठी अशा द्रव्यांचा अभ्यास सुरू झाला. १९९२ मध्ये फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने सिलिकायुक्त ‘हरित टायर’ बाजारात आणला. अशा टायरांमुळे फिरण्यातील रोध सुमारे २० टक्क्यांनी व इंधनाचा खर्च ३ ते ४ टक्क्यांनी घटू शकतो. शिवाय ओल्या रस्त्यावरील पकड कायम राहते. नैसर्गिक रबरातील प्रथिने सिलेनच्या कार्यात अडथळा आणतात. त्यामुळे त्या रबराचे प्रमाण अधिक असलेल्या मालमोटारींच्या टायरांत आजही मुख्यतः काजळीच वापरली जाते.

भारतात २०२२ मध्ये केंद्र शासनाने टायरांचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड व आवाज यांसाठी मानके अधिसूचित केली. या बदलाचा शेतीशीही संबंध आहे. भाताचे तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश राख उरते व तिच्यात बहुतांश सिलिकाच असते. या राखेपासून काढलेली सिलिका आता टायरांत वापरली जात आहे. भातगिरणीमागे ढीग होऊन पडणाऱ्या राखेलाही मूल्य मिळवून देण्याचे सामर्थ्य या अल्पशा मध्यस्थ द्रव्यात आहे.