एका कपाटाची कैफियत

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टी हटकून बाहेर निघतात. एक चकलीचा सोऱ्या आणि दुसरा माझ्या कपाटाचा विषय. सोऱ्या चार दिवसांत धुऊनपुसून जागेवर जातो. कपाटाचा विषय मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो.

"अहो, यंदा तरी त्या कॅसेटींचं काहीतरी करा," सौ. म्हणते. "भंगारवालासुद्धा त्यांच्याकडे बघून मान हलवतो."

चिरंजीव आईच्या बाजूने साक्ष देतात. "बाबा, सगळे सिनेमे आता मोबाइलवर असतात. कपाट हवंय कशाला?"

मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात साठ मुलांना गप्प करण्याची मला सवय आहे; परंतु घरातल्या या दोघांपुढे माझी वाचा बसते. म्हणून म्हटले, आपली कैफियत लिहूनच मांडावी.

माझ्या कपाटाला चार खण आहेत आणि प्रत्येक खण म्हणजे एकेक जमाना आहे. सर्वांत खाली व्हीएचएस कॅसेटी. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ही पद्धत १९७६ साली आणली. तिच्या आधी वर्षभर सोनीची बीटामॅक्स आली होती. तिचे चित्र सरस मानले जाई. पण सुरुवातीला तिच्या कॅसेटीत तासाभराचेच चित्रण मावे. तासाभरात संपणारा चित्रपट कोणी पाहिला आहे? व्हीएचएसने पहिल्यापासूनच दोन तास दिले, आणि बाजी मारण्याचे ते एक मोठे कारण ठरले. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने आणण्याची चाल पडली. वाचकांपैकी पुष्कळांना त्या रात्री आठवत असतील. एका रात्रीचे भाडे, तीन चित्रपट, सतरंजीवर निम्मी चाळ, आणि तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी यंत्राखेरीज कोणीच जागे नाही!

दुसरा खण व्हीसीडीचा. एका तबकडीत सुमारे सव्वा तास मावे, म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई आणि ऐन रंगात आल्यावर कोणाला तरी उठावे लागे. तिसरा खण डीव्हीडीचा. ही तबकडी १९९६ साली जपानमध्ये निघाली. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा माझ्या छंदाला खरे पाय फुटले. पगार होताच मी पिशवी घेऊन निघे. सर्वांत वरचा खण ब्लू-रेचा. तिच्यातले चित्र फारच देखणे; परंतु मराठी चित्रपट तिच्यावर फारसे आलेच नाहीत, त्यामुळे तो खण जवळजवळ रिकामाच आहे. सौ. त्यात लोकरीचे गुंडे ठेवते.

जाता जाता संग्राहकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. व्हीसीडीची चमकती बाजू आपण जिवापाड जपतो आणि छापील बाजू खुशाल टेबलावर घासतो. वास्तविक तिच्यातला मजकूर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळशा लाखेआड असतो. तिथे ओरखडा पडला की कारभार आटोपला. डीव्हीडीत तोच थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. घरी नोंदवलेली तबकडी मात्र वेगळी. तिच्यात रंगद्रव्य असते. ते ऊन, उष्णता आणि वर्षे यांनी फिके पडते.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळतो. सगळे मोबाइलवर असते खरे. पण ते भाड्याचे घर आहे. करार संपला की चित्रपट बिऱ्हाड हलवतो आणि आपल्याला कोणी विचारतही नाही. एकदा कादंबरीचे माध्यमांतर शिकवताना मी मुलांना एक चित्रपट पाहून यायला सांगितले. तो त्याच आठवड्यात मोबाइलवरून नाहीसा झाला. शेवटी माझ्या तिसऱ्या खणातली डीव्हीडी वर्गात आली. तिच्या वेष्टनावर चहाच्या कपाचा डाग होता, परंतु चित्रपट पुरता होता.

आपण भारतीयांनी तरी 'सगळे असते' असे म्हणू नये. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत हाती नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', १९१३ सालचा, तोही अर्धामुर्धाच उरला आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला.

अर्थात माझे कपाट काही संग्रहालय नव्हे. माझ्याकडचे बहुतेक चित्रपट इतरांकडेही आहेत. एक कॅसेट मात्र जगात दुसरीकडे कोठेही नाही, आणि खरी कैफियत तिचीच आहे.

मस्कतच्या मामांनी आम्हाला व्हीसीआर आणून दिला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते. राजा परांजप्यांचा १९६० सालचा 'जगाच्या पाठीवर' त्यांनी लग्नाआधी पाहिला होता. तो दूरदर्शनवर लागणार असे कळताच त्यांनी कोरी कॅसेट आणली. जाहिराती वगळाव्यात म्हणून रिमोट हातात धरून ते सबंध चित्रपटभर बसले. पण त्यांचा अंगठा दर वेळी थोडा उशिरा पडे. त्यामुळे दर जाहिरातीचा एखादा तुकडा आत शिरलाच. पुढे त्यांनी कॅसेटीच्या कडेची खूण मोडून टाकली. ती मोडली की त्या कॅसेटीवर पुन्हा काही नोंदवता येत नाही.

परंतु त्या जागी चिकटपट्टी लावली की नोंदवता येते, हे मला वर्गमित्राने सांगितले होते. १९९२ सालच्या विश्वचषकाचे दिवस होते, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी चिकटपट्टी लावली आणि अण्णांच्या चित्रपटाची शेवटची वीस मिनिटे क्रिकेटखाली गाडली.

अण्णा रागावले नाहीत. पुढच्या वेळी कॅसेट लावली, चित्रपट अचानक तुटून मैदान दिसू लागले, तेव्हा ते उठले आणि त्यांनी संच बंद केला. मग खुर्चीत बसून त्यांनी उरलेला चित्रपट तोंडी सांगितला, संवादांसकट. पुढे दर वेळी तसेच. मी मान खाली घालून ऐके. ते रागावले असते तर बरे झाले असते.

अण्णा २०११ साली गेले. त्याआधीच मी त्या कॅसेटीची डीव्हीडी करून घेतली होती आणि व्हीसीआर मोडीत दिला होता. हा माझा दुसरा गुन्हा. काही वर्षांनी डीव्हीडी लावली तर ती मुकी! कॅसेट काढून पाहिली तर पावसाळी हवेने फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. जगात नवे व्हीसीआर बनणे २०१६ मध्येच बंद पडले. आमची फीत शाबूत असूनही तिला बोलते करायला यंत्र नव्हते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावर जुना व्हीसीआर निघाला. पेठेतल्या एका वृद्ध कारागिराने तो चालता केला. त्यांनी कॅसेटीचे पाच स्क्रू काढले, कोरड्या मऊ फडक्याने अडीचशे मीटर फीत हलक्या हाताने पुसली आणि नव्या डबीत बसवली. "सर, घाई करू नका, ही एकदाच धड चालेल असं समजा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आईला पुढे बसवले. चित्र खालून थरथरत होते, तरी चालले. पहिली जाहिरात आली, साबणाचा अर्धा फेस दिसला आणि नाहीसा झाला. आई हसू लागली. "यांचा अंगठा! जन्मभर उशिराच." दर जाहिरातीला ती हसली आणि दर वेळी पदराने डोळे पुसले.

मग मैदान आले. मी उठून संच बंद केला. खोलीत कोणी बोलेना. तेवढ्यात चिरंजीवांनी विचारले, "पुढे काय होतं, बाबा?"

मी खुर्चीत बसलो आणि सांगू लागलो. एका ठिकाणी अडखळलो, तेव्हा आईने वाक्य पुरे केले.

त्या संध्याकाळची प्रत मी तीन ठिकाणी ठेवली आहे. क्रिकेटसुद्धा पुसलेले नाही. यंदाही साफसफाई झाली. सौ.ने तीन खणांतला निम्मा माल वाटून टाकायला लावला, आणि मी तो आनंदाने वाटला. खालच्या खणाला मात्र तिने स्वतः नवा कागद घातला, कोपऱ्यात कापराच्या वड्या ठेवल्या आणि व्हीसीआरवर स्वच्छ अभ्रा घातला.

भाऊबीजेला आत्या येणार आहे. तिला शेवट सांगण्याची पाळी चिरंजीवांची आहे.