एकाच हायवेला दोन नंबर? युरोपचे 'ई-रोड' समजून घ्या

जर्मनीत आखेनहून कोलोनकडे निघालात की पाटीवर दोन नंबर दिसतात: निळ्यात ए-४, हिरव्यात ई-४०. रस्ता एकच. ए-४ हा जर्मनीचा नंबर, ई-४० अख्ख्या युरोपचा.

हे ई-नंबर संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १९७५ च्या करारातून आले. लॉजिक सोपं आहे: विषम नंबर उत्तर-दक्षिण, सम नंबर पूर्व-पश्चिम. दोन अंकी नंबरच्या शेवटी ५ किंवा ० असेल तर तो मुख्य मार्ग. ई-४० फ्रान्समधल्या कॅलेपासून थेट कझाकस्तानपर्यंत जातो, ८,००० किमीहून जास्त!

अपवादही आहेत. स्वीडनचा ई-४ सम असूनही उत्तर-दक्षिण धावतो, कारण तिथे जुनाच नंबर कायम ठेवला. ब्रिटनमध्ये तर पाट्यांवर ई-नंबर लावतच नाहीत.

आणि आपली सवय तिकडे नेऊ नका! भारतात नियम नेमका उलटा आहे. आपला मुंबई-गोवा एनएच-६६ सम आहे, पण जातो उत्तर-दक्षिण. म्हणून तिकडे गाडी चालवणार असाल, तर मॅप ऑफलाइन सेव्ह करा आणि दोन्ही नंबर लक्षात ठेवा.