आळशी कोण, हे ठरविणार कोण?

एखादा मनुष्य दरिद्री का राहतो, कामावरून का पळतो, कायदा का मोडतो, या प्रश्नांना विचारवंतांनी मुख्यतः दोन तऱ्हांची उत्तरे दिली आहेत. एका मते दोष त्याच्या स्वभावाचा वा वंशाचा असतो. दुसऱ्या मते तो ज्या व्यवस्थेत जगतो त्या व्यवस्थेचा असतो. हा वाद केवळ ग्रंथांतला नव्हे. मॉरिशस बेटावर त्याचा निकाल कायद्याच्या रूपाने उतरला आणि हजारो कुटुंबांना तो भोगावा लागला.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी या बेटावरील गुलामगिरी रद्द झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या वाट्याला आली ती आणखी काही वर्षांची सक्तीची 'उमेदवारी'. १८३९ मध्ये तीही संपताच त्यांच्यापैकी बहुतेकांनी साखरेचे मळे सोडले. जेथे चाबूक खाल्ला तेथेच राबत राहावे असे कोणास वाटेल? मळेवाल्यांनी मात्र त्याचा अर्थ लावला, की ही माणसे जात्याच आळशी आहेत. वेस्ट इंडीजमधील मुक्त गुलामांविषयी टॉमस कार्लाइलने १८४९ मध्ये हेच मत मोठ्या आवेशाने मांडले. पुढच्याच वर्षी जॉन स्टुअर्ट मिलने त्याला जाहीर उत्तर दिले. माणसामाणसांत दिसणारा प्रत्येक भेद निसर्गाच्या माथी मारणे त्यास मान्य नव्हते.

याहून मर्मभेदी विवेचन एडवर्ड गिबन वेकफील्डने १८३३ मध्येच केले होते. जेथे जमीन विपुल आणि माणसे थोडी, तेथे स्वतंत्र मनुष्य दुसऱ्याच्या शेतात राबण्यापेक्षा स्वतःचे शेत करू पाहतो. मजूर मिळावा म्हणून जमिनीची किंमत मुद्दाम चढी ठेवावी, हा त्याचा उपाय होता. कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या अखेरीस याच विचाराचा आधार घेऊन दाखवून दिले, की मजुरीवर जगणारा वर्ग निसर्ग निर्माण करीत नाही. तो घडवावा लागतो.

मॉरिशसमध्ये तो घडविण्यासाठी हिंदुस्थानातून माणसे आणली गेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईस उतरले. त्यांच्यामागून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे आली. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरीकडील कोकणी शेतकरी कुटुंबे पुष्कळ होती. आरंभीच्या करारांत मुदत पाच वर्षांची आणि मजुरी महिना पाच रुपये व शिधा अशी असे. एका दिवसाचा खाडा पडला, की दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

करार संपला तरी मनुष्य मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगणे भाग पडले. तो जवळ नसेल तर पोलीस त्यास 'भटक्या' म्हणून पकडीत. पूर्वी मुक्त गुलाम आळशी ठरले होते. आता भाजी पिकवून वा फेरी करून स्वतंत्रपणे पोट भरू पाहणारा हिंदी मनुष्य भटका ठरला. सिद्धान्त तोच राहिला. बदलली ती माणसे.

१८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय गृहस्थाने ९,४०१ जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरापुढे ठेवला. चौकशीसाठी १८७२ मध्ये राजकीय आयोग आला आणि १८७५ च्या त्याच्या अहवालाने मजुरांची गाऱ्हाणी खरी असल्याचे सिद्ध झाले. भटकेपणा माणसांच्या रक्तात नव्हता. तो कायद्याच्या कलमांत होता. याच सुमारास, १८७३ मध्ये, पुण्यास जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहून अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांस ती अर्पण केली. शूद्रातिशूद्रांचे दैन्य ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, हे त्यांनी ठासून सांगितले.

पुढे साखरेचे भाव उतरले. मळेवाल्यांना पैशाची निकड भासली आणि १८८० च्या सुमारापासून ते जमिनीचे तुकडे विकू लागले. कालचे 'भटके' पै पै साठवून ते विकत घेऊ लागले. एका पिढीत त्यांचा स्वभाव पालटला नव्हता. बंद दार किंचित उघडले होते, एवढेच.

या शेतकऱ्यांचे वंशज आज शिक्षक, डॉक्टर, अधिकारी झाले आहेत. काटकसर, धर्मनिष्ठा आणि विद्येची आवड यांमुळे समाज वर आला, असे समारंभांतून सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु ते अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे विसरले, की तोंडी सहज येते, "क्रेओल लोकांनी कष्ट केले असते तर तेही वर आले असते." कोकणातून आलेल्या माणसाचे नाव, भाषा आणि देवघर त्याच्याबरोबर आले होते, गुलामांपासून नाव, भाषा आणि गणगोत हिरावून घेतले गेले होते. २००९ ते २०११ या काळात सत्य व न्याय आयोगाने गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोहोंच्या परिणामांचा विचार एकत्र केला, तो यासाठीच. कारखान्यांत कराराने राबणाऱ्या बांगलादेशी मजुराविषयीही तोच जुना शेरा कानी पडतो.

मानसशास्त्रज्ञ ली रॉस याने १९७७ मध्ये या प्रवृत्तीस नाव दिले. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण मनुष्य त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा कमी लेखतो. कर्मसिद्धान्ताचाही असाच दुरुपयोग होतो. तो स्वतःच्या कर्तव्याची जाणीव देण्यासाठी आहे. शेजाऱ्याच्या दैन्याचे समर्थन करण्यासाठी नव्हे.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत. अनेक कुटुंबे तेथून पूर्वजाचे चित्र मिळवून अभिमानाने भिंतीवर लावतात. ते चित्र सन्मानासाठी काढलेले नव्हते. एका सिद्धान्ताने त्या माणसास संशयित ठरविले होते, म्हणून ते काढले गेले. त्या चित्राखाली बसून दुसऱ्या कोणास आळशी म्हणण्यापूर्वी त्या डोळ्यांकडे एकदा पाहावे.