ग्रंथपालांच्या कार्यशाळेत नेमकं काय शिकवतात? आणि त्याचा तुमच्या शोधनिबंधाशी काय संबंध?

'ग्रंथपाल प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले आहेत.' कॉलेजच्या लायब्ररीत हे ऐकलं की अनेकांना प्रश्न पडतो, पुस्तकं द्यायची-घ्यायची, यात शिकायचं काय उरलंय?

पुस्तकांपुरतं बोलायचं तर हा प्रश्न एक वेळ चालेल. पण पीएचडी करणाऱ्यांना, प्राध्यापकांना मुख्यतः लागतात ती जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं. सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

नियतकालिकं सांभाळणं वेगळं का?

पुस्तक एकदा विकत घेतलं की व्यवहार संपतो. नियतकालिकाची वर्गणी दरवर्षी भरावी लागते, अंक चुकतात, नावंही बदलतात. मुंबईतून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' घ्या. १९४९ मध्ये ते 'इकॉनॉमिक वीकली' म्हणून सुरू झालं, आजचं नाव आलं १९६६ मध्ये. ही साखळी नोंदीत जोडलेली नसेल, तर नव्या नावाने शोधणाऱ्याला पन्नाशीच्या दशकातले लेख सापडतच नाहीत.

ऑनलाइन जर्नलमध्ये आणखी एक मेख आहे. लायब्ररी अंक विकत घेत नाही, वाचण्याचा हक्क घेते. म्हणून कार्यशाळेत करार वाचायला शिकवतात. वर्गणी बंद केली तर पैसे भरलेल्या वर्षांचे अंक तरी उघडतील का? विद्यार्थ्याला घरून लॉगिन मिळेल का? हे करारात लिहून घेतलं नसेल, तर नंतर भांडून उपयोग नसतो.

कोणतं जर्नल ठेवायचं, कोणतं सोडायचं?

इथे 'काउंटर' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक कामाला येतं. कोणत्या जर्नलमधले लेख किती वेळा उघडले, याचे आकडे सगळ्या प्रकाशकांनी एकाच पद्धतीने मोजावेत यासाठी ते आहे. समजा, ६० हजार रुपयांच्या जर्नलमधले लेख वर्षात १२ वेळा उघडले, तर एका वाचनाला ५ हजार पडले. दोन लाखांचं जर्नल ४ हजार वेळा उघडलं असेल, तर एका वाचनाला फक्त ५० रुपये. अर्थात नुसत्या भागाकारावर निर्णय घेणंही धोक्याचं. छोट्या विषयाचे वाचक मुळातच कमी असतात.

अशी प्रशिक्षणं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र आणि विद्यापीठांमधली मालवीय मिशन केंद्रं घेतात. प्रकाशकही घेतात, पण त्यांच्या कार्यशाळेत वर्गणी कशी बंद करावी हे सहसा कुणी शिकवत नाही!

बोगस जर्नल कसं ओळखायचं?

व्हॉट्सॲपवर 'सात दिवसांत पेपर छापून मिळेल, आयएसएसएन असलेलं जर्नल' असे मेसेज तुम्हालाही आले असतील. बळी पडणारे बहुतेक तरुण संशोधक असतात. पैसे जातात आणि तो पेपर पुढे मुलाखतीत अडचणीचा ठरतो.

आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नाही. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून मिळतो, तोही मोफत. त्याचा शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. वर उल्लेख केलेल्या साप्ताहिकाचा क्रमांक आहे ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६ असं २ पर्यंत गुणून बेरीज करा, ९३ येते. ११ ने भागल्यावर बाकी ५ उरते. ११ मधून ५ वजा केले की ६, म्हणजे शेवटचा अंक.

मनाने रचलेला क्रमांक या हिशेबात बऱ्याचदा पकडला जातो. 'क्लोन' जर्नल मात्र सुटतं, कारण ते खऱ्या जर्नलचं नाव आणि क्रमांक दोन्ही चोरून वेगळी वेबसाइट चालवतं. म्हणून आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर नाव, प्रकाशक आणि देश जुळतो का, हे पाहावं लागतं. संपादक मंडळावरच्या व्यक्तीला तिच्या विद्यापीठाच्या ईमेलवर विचारणं हा जुना, पण खात्रीचा उपाय.

पूर्वी यूजीसी-केअर यादीकडे बोट दाखवता येत होतं. तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्रातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ही यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर आली. यादी पाहून उत्तर देणं सोपं होतं. आता ग्रंथपालाला पारखायला शिकावं लागतंय.

मग २०२५ पासून काय बदललं?

केंद्र सरकारची 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत.

म्हणजे एखाद्या सरकारी कॉलेजात हक्क मिळालेला असतो आणि तिथलाच विद्यार्थी पीडीएफसाठी टेलिग्रामवर विनवण्या करत असतो. एखाद्या लेखासाठी साइटने ३०-४० डॉलर मागितले, तर आधी लायब्ररीत तीन गोष्टी विचारा: आमची संस्था योजनेत आहे का, हे जर्नल त्यात येतं का, आणि घरून वापरायचं लॉगिन कसं मिळेल. संस्था 'इन्फेड' या सेवेशी जोडलेली असेल, तर कॅम्पसबाहेरूनही लेख उघडतो.